एकेरी तिकिटावर परदेशात निघालाय? सांगलीतनं निघायच्या आधी एवढं करून ठेवा

रात्रीचा दीड वाजला होता, मुंबईचं टर्मिनल २, मी आणि ताई सांगलीतनं दुपारीच निघून वेळेच्या चांगलं आधी पोचलो होतो, बॅगा काट्यावर ठेवल्या आणि काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट चाळत विचारलं, "मॅडम, रिटर्न तिकीट?" मी म्हटलं रिटर्न नाहीये, बँकॉकमधनं रेल्वेनं खाली मलेशियात जाणारोत आणि परतीचं तिकीट क्वालालंपूरहून काढू, तारीख ठरली की. ती म्हणाली मग बोर्डिंग पास देता येणार नाही. एवढंच. आवाज चढवला नाही, वाद नाही, फक्त बाजूला उभं राहा म्हणाली.

पुढची चाळीस मिनिटं मी विसरणार नाही. मोबाईलवर बँकॉक ते क्वालालंपूर तिकीट काढायला गेले तर कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार बंद, ते ॲपमधनं चालू केलं तर ओटीपी जातोय मिस्टरांच्या नंबरवर, ते सांगलीत विश्रामबागेतल्या घरी गाढ झोपलेले, पाचव्या रिंगला फोन उचलला, तोवर तिकीट आणखी महाग झालेलं. ताईचा तो पहिलाच विमानप्रवास, ट्युशनच्या पैशातनं साठवून निघालेली, ती बॅगेवर बसून नुसती माझ्याकडं बघत होती. तिकीट आलं, काउंटर बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता, आम्ही गेलो. आणि बँकॉकला उतरल्यावर इमिग्रेशनच्या माणसानं काय विचारलं? काहीच नाही. शिक्का मारला आणि पुढं जा म्हणाला.

तेव्हा मला एक गोष्ट कळली ती आधी कुणीच सांगितली नव्हती, की हा कागद परदेशातला साहेब मागेल म्हणून आपण निवांत असतो पण प्रत्यक्षात तो आपल्याच देशात, आपल्याच काउंटरवर, विमान कंपनी मागते. त्यामुळं "तिकडं गेल्यावर बघू" हा विचारच इथं चालत नाही. आता नात्यातलं, ओळखीतलं कुणी पहिल्यांदा बाहेर निघालं की मी त्यांना हे सगळं बसवून सांगते, तेच इथं लिहितेय.

आधी हे ऑनवर्ड तिकीट म्हंजे नेमकं काय

तुम्ही ज्या देशात जाताय तिथनं ठरलेल्या मुदतीत बाहेर पडणार याचा पुरावा. रिटर्न तिकीट म्हंजे परत भारतात यायचं, ऑनवर्ड म्हंजे तिथनं पुढं दुसऱ्या कुठल्या देशात जायचं. दोन्ही चालतात. हॉटेलचं बुकिंग म्हंजे ऑनवर्ड नव्हे, त्याच देशातल्या दुसऱ्या शहराचं तिकीट पण नव्हे (बँकॉक ते फुकेत दाखवून उपयोग नाही, ते थायलंडच्या आतलंच झालं), आणि "माझा तिकडं भाऊ आहे, तो काढून देणारे" हे तर अजिबातच नाही.

कंपनी एवढी अडून का बसते तर त्यामागं पैसा आणि कायदा दोन्ही आहे. एखाद्या देशानं तुम्हाला विमानतळावरनंच परत पाठवलं तर तुम्हाला परत आणायची जबाबदारी ज्या कंपनीनं नेलं तिच्यावर येते, आणि कागद नीट न तपासता नेलं म्हणून कित्येक देश वरनं दंड पण लावतात. १९४४ च्या शिकागो करारावर उभ्या असलेल्या आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत हे लिहिलेलं आहे. काउंटरवरची मुलगी स्वतःच्या मनानं नियम लावत नसते, तिच्यासमोर टिमॅटिक नावाची यंत्रणा असते, आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना ती चालवते, त्यात तुमचं नागरिकत्व, कुठं जाताय, कशासाठी, किती दिवस एवढं घातलं की कुठले कागद लागतात ते येतं. तिथं "रिटर्न किंवा ऑनवर्ड तिकीट हवं" असं आलं की ती तुम्हाला तसंच सोडू शकत नाही. म्हणून "माझा मित्र मागच्या महिन्यात गेला, त्याला नाही विचारलं" हे तिला सांगून काही होत नाही. मित्राला विचारलं नाही ते त्याचं नशीब, नियम तोच होता.

पहिलं काम – किती दिवस मिळतात ते बघा

तिकीट काढायच्या आधी व्हिसा कुठला आणि दिवस किती हे पक्कं करा, कारण ऑनवर्ड तिकिटाची तारीख त्या दिवसांच्या आत पडली पाहिजे. आणि हे नियम किती पटापट बदलतात बघा. थायलंडमध्ये आपल्याला आधी विमानतळावर पैसे भरून १५ दिवसांचा व्हिसा मिळायचा, नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी व्हिसाशिवाय ३० दिवस दिले, जुलै २०२४ मध्ये ते ६० केले. एका वर्षाच्या आत दोनदा बदललं. म्हंजे जुना व्हिडिओ किंवा गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मावशीचा अनुभव यावर तिकीट काढू नका, निघायच्या आठवड्यात त्या देशाच्या दूतावासाची साइट आणि विमान कंपनीच्या साइटवरचं प्रवासाच्या कागदपत्रांचं पान स्वतः वाचा. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा, लाजायचं काही कारण नाही.

आपल्याकडची माणसं पहिल्यांदा जातात ते देश साधारण ठरलेले आहेत. मलेशियानं डिसेंबर २०२३ पासून आपल्याला ३० दिवस व्हिसामाफी दिली. इंडोनेशिया, म्हंजे बाली, तिथं उतरल्यावर पाच लाख रुपिया (तिथलं चलन, आपला रुपया नव्हे) भरून ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, एकदा वाढवता पण येतो, पण बाहेर पडायचं तिकीट हवंच आणि बालीच्या बाबतीत काउंटरवर हे हमखास विचारतात. फिलिपिन्सनं जून २०२५ पासून आपल्याला १४ दिवस व्हिसाशिवाय दिलेत, तिथं परतीचं किंवा पुढचं तिकीट, राहायची जागा आणि पुरेसे पैसे या तिन्ही गोष्टी अटीतच आहेत आणि ते १४ दिवस वाढत नाहीत. मालदीव आणि मॉरिशसलाही परतीचं तिकीट आणि राहायचं बुकिंग लागतं. व्हिएतनामला आधी ई-व्हिसा काढावा लागतो, त्यावर आत कधीपासून आणि बाहेर कधीपर्यंत त्या तारखा छापलेल्याच असतात, तिकीट त्याच तारखांत बसवा.

दिवस मोजताना उतरलेला दिवस पहिला दिवस धरा. म्हंजे १ तारखेला उतरलात आणि १४ दिवस आहेत तर १४ तारखेला बाहेर, १५ ला नाही. आणि यातली खरी खोच रात्रीच्या विमानाची आहे. तुम्ही म्हणता "१४ तारखेच्या रात्रीचं विमान आहे" पण ते सुटतं १२ वाजून ४० मिनिटांनी, म्हंजे १५ तारीख लागली. माझ्या एका मामेभावाचं तिकीट असंच निघालं होतं, नशिबानं काढल्या दिवशीच लक्षात आलं आणि एक दिवस अलीकडं घेता आलं. त्यामुळं कडेला लावू नका, दोन दिवस हातात ठेवा.

दुसरं काम – पुढचा देश तरी तुम्हाला घेतोय का

यात चांगली शिकलेली माणसं पण अडकतात. समजा तुम्ही बँकॉकला निघालाय आणि ऑनवर्ड म्हणून बँकॉक ते सिंगापूर स्वस्तातलं तिकीट काढलं. पण सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो. काउंटरवर हुशार माणूस असला की तो पुढचा प्रश्न विचारणार, "सिंगापूरचा व्हिसा दाखवा". नसला तर ते तिकीट असून नसल्यासारखं, कारण तुम्ही तिथं जाऊच शकत नाही. (सिंगापूरमध्ये ९६ तासांची ट्रान्झिटची सवलत आपल्याला आहे पण त्याला अमेरिका, इंग्लंड असल्या ठरावीक देशांचा चालू व्हिसा लागतो आणि सिंगापूरमधनं ९६ तासांत पुढं जायचं तिकीट पण लागतं, त्यामुळं पहिल्यांदा जाणाऱ्यानं त्या भरवशावर राहू नये.) म्हणून ऑनवर्ड काढायचं तर आपल्याला व्हिसा लागत नाही अशा देशाचं, नायतर ज्याचा व्हिसा हातात आहे अशा देशाचं. आणि सगळ्यात निर्धोक म्हंजे सरळ भारताचं, स्वतःच्या देशात यायला व्हिसा कोण मागतंय.

बसचं, रेल्वेचं तिकीट चालतं का, असं माझ्यासारखे फिरणारे विचारतात. बँकॉकहून रेल्वे खाली मलेशियाच्या हद्दीवरच्या पाडांग बेसारपर्यंत जाते, लाओस-कंबोडियाला बसा जातात, हे सगळं खरं आहे आणि प्रवास म्हणून फार सुंदर आहे. पण मुंबईत रात्री दोन वाजता काउंटरवरच्या माणसाला तुमच्या फोनमधलं थाई लिपीतलं बसचं तिकीट समजावत बसायची वेळ येते आणि ते मानायचं की नाही हे शेवटी त्याच्यावर. विमानाचं तिकीट त्याला दोन सेकंदात तपासता येतं. म्हणून माझं मत असं की जमिनीवरनं जायचं असलं तरी पहिल्या खेपेला विमानाचंच काहीतरी हातात ठेवा.

तिसरं काम – तारीख ठरलेली नसेल तर तिकीट कसं काढायचं

तुमचं परतीचं ठरलंय तर प्रश्नच मिटला, जाता-येता एकदम काढा, बऱ्याच वेळा दोन वेगळी एकेरी तिकिटं काढण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं, किंमत करून बघा.

ठरलेलं नसेल तर तीन सरळ मार्ग आहेत. एक, जवळच्या देशाचं स्वस्त तिकीट काढायचं आणि नाही वापरलं तर सोडून द्यायचं. बँकॉक-क्वालालंपूर हा असा मार्ग आहे की महिनाभर आधी काढलं तर परवडतं. वाया गेलं तरी काउंटरवर रडायची वेळ येत नाही, तो त्या प्रवासाचा खर्चच धरायचा. दोन, रिफंडेबल तिकीट काढायचं आणि पोचल्यावर रद्द करायचं, पण इथं "रिफंडेबल" या शब्दावर जाऊ नका, आत बारीक अक्षरात किती कापतात, पैसे कार्डावर परत येतात की कंपनीच्या वॉलेटमध्ये पडतात, किती दिवसांनी येतात ते वाचा. आमच्या शेजारच्या काकूंचे पैसे वॉलेटमध्ये पडले आणि वर्षाच्या आत वापरायचे होते, त्या परत कुठं जाणार होत्या? तीन, तारीख बदलता येणारं तिकीट, हे मला सगळ्यात आवडतं. परतीची एक अंदाजे तारीख टाकायची आणि पुढं फरक भरून बदलायची. आईवडील मुलांकडं जातात तेव्हा हेच घ्यावं, बाळंतपण, तब्येत, काहीही पुढं-मागं होतं.

आता चौथा मार्ग, ज्याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. डमी तिकीट. आपल्याकडं पण "हजार-पाचशेत करून देतो" म्हणणारी माणसं भेटतात. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावानं विकल्या जातात. एक म्हंजे खरं रिझर्वेशन, एजंट विमानातली जागा काही तास किंवा एक-दोन दिवस धरून ठेवतो, त्याला पीएनआर म्हंजे बुकिंगचा नंबर असतो, कंपनीच्या साइटवर तो दिसतो आणि पैसे भरले नाहीत की आपोआप उडतो. हे व्हिसाच्या अर्जासाठी चालतं, युरोपच्या शेंगेन व्हिसाला तर असं रिझर्वेशनच लावतात आणि व्हिसा हातात यायच्या आधी पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका असं वकिलातीच सांगतात. पण व्हिसाच्या अर्जाला चालतं ते काउंटरवर चालेलच असं नाही, कारण तोवर ते उडालेलं असतं. सोमवारी घेतलेलं रिझर्वेशन गुरुवारी रात्री मुंबईत दाखवून काय उपयोग.

आणि दुसरी गोष्ट म्हंजे निव्वळ खोटं, कुणाच्या तरी जुन्या तिकिटाच्या पीडीएफवर नाव-तारीख बदलून दिलेलं. ते काउंटरवाले पीएनआर टाकून बघतात, मिळत नाही, संपलं. मग तो तिकीट नसल्याचा प्रश्न राहत नाही, बनावट कागद दाखवल्याचा होतो, आणि परदेशातल्या इमिग्रेशनपुढं असं उघड झालं तर प्रवेश नाकारल्याची नोंद पुढच्या कित्येक व्हिसाच्या अर्जांत तुम्हाला लिहावी लागते. पाचशे रुपयांपायी हे करू नका हो. घरातली म्हातारी माणसं एजंटनं दिलेला कागद खराच समजून घेऊन जातात, त्यांचा काही दोष नसतो, म्हणून त्यांचं तिकीट तुम्ही तपासा.

कसं तपासायचं? विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जा, बुकिंग बघायची जागा असते, तिथं सहा अक्षर-अंकांचा पीएनआर आणि आडनाव टाका. प्रवास, तारीख, नाव दिसलं पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या तिकिटावर वेगळा १३ आकडी ई-तिकीट नंबर पण असतो, तो असला तर तिकिटाचे पैसे भरून झालेत, नुसता पीएनआर असला तर कदाचित जागाच धरलीय. स्वस्तातल्या काही कंपन्यांत मात्र तो १३ आकडी नंबर नसतोच, पीएनआरवरच सगळं चालतं, तिथं "कन्फर्म्ड" लिहिलंय आणि पैसे भरल्याची पावती आहे एवढं बघा.

नाव पासपोर्टवर जसं आहे अक्षर न अक्षर तसंच. आपल्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं, पासपोर्टवर ते पहिल्या नावासोबत गिव्हन नेमच्या रकान्यात असतं, तर तिकिटात पण तिथंच टाका. लग्नानंतर आडनाव बदललेलं पण पासपोर्ट माहेरच्या नावानं असेल तर तिकीट पण माहेरच्याच नावानं. जातानाचं एका नावानं आणि परतीचं दुसऱ्या नावानं असलं की ते तुमचंच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. बाळाचं पण परतीचं तिकीट लागतं, मांडीवर बसणारं असलं तरी त्याच्या नावानं बुकिंग हवं.

ईसीआर पासपोर्ट असेल तर हे वेगळं वाचा

आपल्या भागात दहावी न झालेली माणसं अजून भरपूर आहेत, त्यांच्या पासपोर्टवर "एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड" असा शेरा असतो, म्हंजे ईसीआर. कामासाठी १८ ठरावीक देशांत जायचं तर अशा लोकांना सरकारची परवानगी लागते, आखातातले देश त्यात आहेतच, पण थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया हे फिरायला जायचे देशही त्यात आहेत हे कित्येकांना माहीत नसतं. नुसतं फिरायला जाणाऱ्याला ती परवानगी लागत नाही, पण मग आपल्याच इमिग्रेशनला चालू पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचं तिकीट दाखवायचं असतं. म्हंजे ईसीआरवाल्यानं ऑनवर्ड, एकेरी असल्या भानगडीत पडूच नये, सरळ मुंबई-बँकॉक-मुंबई रिटर्न काढावं. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि दहावी झालेल्यांना तो शेरा काढून घेता येतो, पासपोर्ट नवा करताना ते करून घ्या.

आणि याच संदर्भात एक गोष्ट मनापासून. आपल्याकडची तरुण पोरं एकेरी तिकिटावर, टुरिस्ट म्हणून, थायलंडमार्गे नोकरीला नेली जातात आणि पुढं म्यानमार, कंबोडिया, लाओसमधल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकतात, भारत सरकारनं यावर पुन्हा पुन्हा सावध केलंय आणि माणसं सोडवून पण आणलीयेत. त्यामुळं एकट्या तरुणाला मुंबईत आपले इमिग्रेशनवाले जास्त प्रश्न विचारतात, त्याचा राग मानू नका. आणि कुणी एजंट "रिटर्न नको, तिकडं गेल्यावर कंपनी बघेल, विचारलं तर फिरायला चाललोय म्हणा" असं शिकवत असेल तर तिथंच थांबा. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट सरकारकडं नोंदलेला असतो, ई-मायग्रेट नावाच्या सरकारी साइटवर त्याचं नाव शोधता येतं. विटा-आटपाडीकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) घरं पिढ्यान् पिढ्या लांबलांब जाऊन धंदा करतात, बाहेर पडायची आपल्याला भीती नाही, पण ती माणसं जायची ती ओळखीच्या, भरवशाच्या माणसाकडं जायची.

निघायच्या आदल्या दिवशी

एक प्लास्टिकची फाईल घ्या आणि प्रिंट काढा, सगळं फोनमध्ये आहे म्हणून सोडू नका, विमानतळावर चार्जिंग संपतं आणि तिकडं उतरल्यावर नेट नसतं. जायचं तिकीट, परतीचं किंवा पुढचं तिकीट, हॉटेल, व्हिसा लागत असेल तर तो, आणि पैशाचा पुरावा म्हणून बँकेचं स्टेटमेंट. पुढचा देश वेगळा असेल तर त्याचा व्हिसा. पासपोर्ट उतरायच्या तारखेपासून सहा महिने तरी चालू हवा, हे बहुतेक ठिकाणी बघतात. आईवडील एकटे निघाले असतील तर प्रत्येक कागदाच्या मागं पेन्सिलीनं मराठीत लिहून द्या, "परतीचं तिकीट", "हॉटेल", माझ्या सासूबाईंना याचा फार आधार वाटला.

ऑनलाइन फॉर्म. थायलंडचा डिजिटल अरायव्हल कार्ड मे २०२५ पासून भरावा लागतो, मलेशियाचा पण तसाच आहे, दोन्ही उतरायच्या तीन दिवस आधीपासून भरता येतात आणि दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणारी साइट आली की ती सरकारी नव्हे, बाहेर पडा. यात तुम्ही किती दिवस राहणार, कधी निघणार ते लिहायचं असतं, ती तारीख आणि तिकिटावरची तारीख एकच असू द्या.

आणि माझी चूक तुम्ही करू नका: कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार आदल्या दिवशीच चालू करा, मर्यादा बघा, ओटीपी येणारं सिम तुमच्याच फोनमध्ये आणि त्यावर रोमिंग चालू.

काउंटरवर

आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी पोचा, आणि सांगलीहून निघताना त्यात एक्स्प्रेसवेवरचा घाट आणि मुंबईतलं ट्रॅफिक वेगळं धरा. मिरजेहून महालक्ष्मीनं जाणार असाल तर ती सकाळी पोचते, विमान रात्रीचं असेल तर चांगलंच, दिवस हातात राहतो. वेब चेक-इन झालं म्हणून निवांत राहू नका, कागद तपासायला काउंटरवर बऱ्याचदा जावंच लागतं.

विचारलं की सरळ सांगा, "१२ तारखेला क्वालालंपूरला जातोय, हे तिकीट, तिथनं २० ला मुंबई." जास्त गोष्टी सांगत बसू नका. जातानाची कंपनी एक आणि परतीची दुसरी असेल तर त्यांना ते आपोआप दिसत नाही, म्हणून त्यांनी न विचारता कागद पुढं करा. तरीही नाही म्हणाले आणि तुम्हाला खात्री आहे की लागत नाही, तर शांतपणे सुपरवायझरला बोलवायला सांगा, टिमॅटिकमध्ये काय लिहिलंय ते बघा अशी विनंती करा. आवाज चढवून काही मिळत नाही, काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतं आणि वेळ तुमचाच जातो. आणि खरंच तिकीट नसेल तर भांडण्यात एक मिनिट न घालवता तिथंच बाजूला बसून मुदतीच्या आतलं, परतावा मिळणारं काहीतरी काढा.

तिकडं उतरल्यावर इमिग्रेशनला बहुतेक वेळा विचारणार नाहीत, पण फाईल हातात ठेवा, बॅगेत टाकून ती पट्ट्यावर सोडू नका. किती दिवस, कुठं राहणार, परत कधी, एवढंच असतं. टूर कंपनीच्या ग्रुपनं जाणाऱ्यांनी पण स्वतःच्या नावाची परतीच्या तिकिटाची प्रत मागून घ्या, टूर मॅनेजर दुसऱ्या रांगेत असतो.

शिकायला किंवा नोकरीला लांबच्या व्हिसावर जाणाऱ्या पोरांना सहसा परतीचं तिकीट लागत नाही, जर्मनीला वगैरे सगळी एकेरीच जातात, त्यांनी व्हिसा, ॲडमिशनचं पत्र किंवा कामाचं कंत्राट हातात ठेवावं. अमेरिकेला बी-१/बी-२ या व्हिजिटर व्हिसावर मुलांकडं जाणाऱ्या आईवडिलांना किती दिवस राहता येईल ते तिथला अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने देतात, तर परतीची तारीख त्याच्या आतली ठेवा आणि उतरल्यावर मुलाकडनं आय-९४ या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवरची तारीख ऑनलाइन बघून घ्या, तिकीट त्या तारखेच्या पुढचं असेल तर लगेच बदला.

तिकडं गेल्यावर बेत बदलला, पुढचं तिकीट वापरलं नाही, तर तो गुन्हा नाही, दुसऱ्या मार्गानं निघालात तरी चालतं. फक्त मुदतीच्या आत निघा. थायलंडमध्ये जास्त राहिल्याचा दंड दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,००० पर्यंत जातो, इंडोनेशियात दिवसाला दहा लाख रुपिया. आम्ही त्या खेपेला काढलेलं क्वालालंपूरचं तिकीट वापरलंच नाही, रेल्वेनंच गेलो, खिडकीतनं ताईनं पहिल्यांदा रबराच्या बागा बघितल्या, आणि पाडांग बेसारला शिक्का मारून घेताना परतीचं चेन्नईचं तिकीट आधीच काढून फाईलमध्ये ठेवलेलं होतं.